घरी विचारून सांगते

डॉक्टरबाईंनी पिठीच्या पोटावरून दोन बोटं फिरवली, डोळे बारीक केले, पुन्हा एकदा फिरवली आणि म्हणाल्या, "मग काय करायचं? काढून टाकूया का?" माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "घरी विचारून सांगते." त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. चार वर्षं ओळखतात त्या मला. माझ्या घरात मी आणि माझी सशीण पिठी, एवढ्याच दोघी राहतो हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. त्या हसल्या नाहीत, हा त्यांचा चांगुलपणा. "विचारा," म्हणाल्या, "पण फार दिवस घालवू नका." रिक्षात मांडीवरच्या कॅरियरच्या जाळीतून पिठी नाक हलवत धुराचा, पावसाचा, कोपऱ्यावरच्या वड्यांचा वास घेत होती आणि सहकारनगर येईपर्यंत माझ्या डोक्यात तेच एक वाक्य घोळत होतं. कुणाला विचारणार होते मी?

त्या दिवशी गेले होते ते एका डागामुळे. सकाळी गॅलरीच्या फरशीवर विटकरी-लाल डाग दिसला, तळहाताएवढा, कडेनं सुकून गुलाबी पडलेला. गॅसवरचं दूध तसंच सोडून मी गुडघ्यांवर बसले, डाग कागदानं टिपला, उजेडात धरला, हुंगलासुद्धा. दूध उतू गेलं. क्लिनिकमध्ये डॉक्टरबाईंनी लघवीत पट्टी बुडवली, मिनिटभर थांबल्या आणि म्हणाल्या, रक्त नाही. सशांच्या लघवीचा रंग पाल्यातल्या रंगद्रव्यांमुळे पिवळा, गाजरी, विटकरी, अगदी लालभडकही होतो. काल काय खाल्लं हिनं? मला मंडईतल्या बाईंनी गाजरांवर फुकट दिलेला बिटाचा पाला आठवला. जीव भांड्यात पडला, पण तो पुरता पडायच्या आत त्यांनी विचारलं, "हिची पिशवी अजून आहे ना?"

गर्भाशय हा शब्द आपण शाळेच्या पुस्तकात ठेवून दिला आणि घरात पिशवी आणली. भाजीची, दुधाची, औषधांची, तशीच ही. पिशवी म्हटलं की ती रिकामी करता येते, खुंटीला टांगता येते, नको झाली की टाकता येते. मग त्यांनी सोनोग्राफीची नळी फिरवली आणि पडद्यावरच्या राखाडी ढगांत मला बोट दाखवून समजावलं. सशाच्या मादीचं गर्भाशय आपल्यासारखं एकसंध नसतं, त्याला दोन लांब शिंगं असतात, आणि प्रत्येकाचं तोंडही वेगळं. शिंग हा त्यांचाच शब्द, गाई-म्हशींच्या डॉक्टरांच्या रोजच्या बोलण्यातला. जगात नसलेल्या गोष्टीचं उदाहरण म्हणून आपल्या जुन्या पंडितांनी शेकडो वर्षं सशाचं शिंग पुढे केलं. पिठीच्या पोटात दोन आहेत, आणि त्यातलं डावं किंचित जाड. "गाठीची सुरुवात असू शकते," डॉक्टरबाई म्हणाल्या, "किंवा काहीच नसेल. बाहेरून एवढंच कळतं. पण ठेवली तर या वयात कॅन्सरची भीती खरी आहे."

पिठी माझ्याकडे आली ती दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाची हौस फिटल्यावर. विकत आणलेली जोडी होती. नर पहिल्याच मे महिन्यात उन्हानं गेला, नंतर मुलाच्या बाबांची बदली झाली आणि सामानाच्या यादीत पिंजरा बसेना. तेव्हा ती वर्ष-दीड वर्षाची असावी, म्हणजे आता साडेपाचच्या आसपास. माणसाच्या हिशेबात म्हणाल तर नातवंडं नसली तरी चष्मा लागलेला असेल. पिठीसाखरेच्या रंगाची, गळ्याखाली मऊ लोंबती घडी, एका कानाच्या टोकाला चहा सांडल्यासारखा डाग. उन्हाळ्यात फडक्यात गुंडाळलेल्या बर्फाच्या बाटलीला पाठ लावून पडते. सशाला घाम येत नाही, जी काही उष्णता जायची ती मुख्यतः कानांवाटे, म्हणून एप्रिलमध्ये मी तिचे कान चाचपून पंख्याचा वेग ठरवते. तिचं परदेशी वाळलं गवत माझ्या तांदळापेक्षा महाग आहे. लसूणघास इथं ढीगभर मिळतो, पण त्यात कॅल्शियम जास्त, म्हणून मोठ्या सशाला तो रोज द्यायचा नाही. आणि तिला हनुवटी घासायची खोड आहे. हनुवटीखालच्या ग्रंथीतला वास, जो आपल्याला येतही नाही, तो ज्याला लावला ते तिचं. देव्हाऱ्याखालचा पाट तिचा, लॅपटॉपचा चार्जर तिचा, माझ्या दोन्ही टाचा तिच्या.

क्लिनिकच्या फॉर्मवर मात्र 'मालकाचं नाव' या रकान्यात मी माझं नाव लिहून आले होते.

मी ऑडिटमध्ये काम करते. घाबरले की आकडे शोधते. त्या आठवड्यात रोज रात्री जेवण झाल्यावर एका कागदाचे दोन रकाने करून बसायचे. डावीकडे पिशवी ठेवली तर, उजवीकडे काढली तर. डावीकडचा सगळ्यात गाजलेला आकडा म्हणजे शंभरातल्या ऐंशी माद्यांना कॅन्सर होतो, हा. तो जिथं तिथं भेटतो आणि भेटेल तिथं धडकी भरवतो. त्याचा माग काढत गेले तर तो १९४० च्या सुमारास अमेरिकेतल्या एका संशोधन संस्थेत पाळलेल्या सशांपाशी पोचतो. तिथं दोन-तीन वर्षांच्या माद्यांमध्ये शंभरात चार आणि पाच-सहा वर्षांच्या माद्यांमध्ये ऐंशीच्या जवळपास गाठी सापडल्या होत्या. पण ती एकाच संस्थेतली, ठरावीक वाणांची जनावरं. सहकारनगरच्या गॅलरीतल्या कुठल्या वाणाच्या तेही ठाऊक नसलेल्या पिठीला तो आकडा जसाच्या तसा कसा लावायचा? माझ्या कामात कुणी असा नमुना दाखवला असता तर मी लाल शेरा मारला असता. तरी आकडा कमी केला म्हणून भीती कमी होत नाही. मादी सशांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारी गाठ हीच, ती हळूहळू वाढते, बाहेरून दिसत नाही आणि शेवटी फुप्फुसात जाते, एवढं तर सगळेच डॉक्टर सांगतात.

उजवीकडे भूल. ब्रिटनमध्ये २००८ साली एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली, त्यात आठ हजारांहून जास्त ससे होते. भूल दिल्यावर दोन दिवसांच्या आत दगावलेल्यांचा हिशेब होता तो. कुत्र्यांत हजारी दोनाहून कमी, मांजरांत दोन-अडीच, सशांत जवळजवळ चौदा. धडधाकट सशांत सात. सशाची श्वासनळी बारीक आणि आत खोल, त्यामुळे तिच्यात नळी घालणं अवघड. आपण सशाचं काळीज म्हणून चेष्टा करतो, पण ते काळीज खरोखरच भीतीनं थांबू शकतं. ऑपरेशन छान झालं तरी नंतर आतडी रुसून बसतात आणि खाणं थांबलं की सगळंच थांबतं. वय वाढलं, पोटात चरबी साठली की काम आणखी कठीण. म्हणजे डाव्या रकान्यातला आकडा दर वर्षी वाढतो आणि उजव्यातलाही. थांबण्याला व्याज दोन्हीकडून. असा ताळेबंद मी आजवर पाहिलेला नाही, आणि तो जुळायचाही नव्हता. ससेहोलपट या शब्दाचा अर्थ मला त्या आठवड्यात कळला. गंमत म्हणजे त्यात पिठी मजेत होती, पळत मी होते.

लोकांना विचारून पाहिलं, कारण 'विचारून सांगते' म्हटलं होतं ना. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, सशावर अकरा हजार?" ऑफिसातला एक जण म्हणाला, नवी जोडी हजाराच्या आत येते. तो वाईट माणूस नाही. त्याची आई आजारी असताना त्यानं नोकरी पणाला लावली होती. पण त्या दिवसापासून मी त्याच्याबरोबर डबा खाल्लेला नाही.

ज्या माणसाला विचारायचं होतं तिला फोन करायला मात्र पाच दिवस लागले.

मावशी बीड जिल्ह्यातली, माझ्या आईची सगळ्यात धाकटी बहीण. आईला मास्तर मिळाला, मावशीला कोयता. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाच्या वहीत दोघांचं मिळून एकच नाव असतं. दिवाळीच्या आगेमागे उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन टोळी निघायची आणि पट्टा पडल्यावरच, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावरच, परत यायची. २००४ साली तिचं ऑपरेशन झालं तेव्हा ती २९ वर्षांची होती, मी कॉलेजात, सुट्टी होती म्हणून सोबतीला पाठवलेली. अंगावरून जायचं, पोट दुखायचं. उसाच्या फडात ना आडोसा ना पाणी, आणि खाडा झाला की मुकादम पैसे कापणार. तालुक्याच्या त्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं दोन मिनिटं तपासलं आणि सांगितलं, "पिशवी खराब झालीय. काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल." मावशीनं पदर सावरला आणि म्हणाली, "घरी इचारून सांगते."

घर म्हणजे बाहेर बाकावर बसलेले काका. त्यांना विचारलं. त्यांनी मुकादमाला विचारलं. मुकादमानं पैसे दिले, पुढच्या हंगामाच्या उचलीत धरून. तिसऱ्या दिवशी दुपारी ऑपरेशनच्या खोलीचं दार उघडलं, एक नर्स ट्रे घेऊन बाहेर आली आणि व्हरांड्यात विचारलं, "पेशंटचे मालक कोण?" काका उठले. तिनं ट्रेवरचं हिरवं फडकं वर केलं. काकांनी वाकून पाहिलं, मान डोलावली. काय पाहायचं होतं ते त्यांना कळलं असेल असं वाटत नाही, पण मान डोलावली. मी काकांच्या खांद्यामागून पाहिलं आणि लगेच भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नजर वळवली. फडकं खाली पडलं. मावशी आत भुलीत होती. पुढच्याच हंगामात ती डोक्यावर मोळी घेऊन गाडी भरत होती, कंबर धरून. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली का, तेव्हाही कुणी सांगितलं नाही आणि कागदावरही नाही. पस्तिशीत ती रात्री अंगाचा भडका होतो म्हणून ओसरीत येऊन बसायची. १५ वर्षांनी, २०१९ साली, सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. बातमी वाचून मी मावशीला फोन केला होता. ती म्हणाली, "एवढ्याच?"

म्हणून पाच दिवस लागले. पिठीबद्दल विचारायचं म्हणजे तेच वाक्य तिला पुन्हा ऐकवायचं. काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल.

फोन केला तर तिनं आधी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. सशाला पिशवी असते याचंही तिला नवल नव्हतं. शेळ्यांमध्ये जन्म गेलाय तिचा. विचारलं, "तिला दुखतंय का?" म्हटलं, नाही. "खाती-पिती?" म्हटलं, माझ्यापेक्षा जास्त. "मंग कशाला?" मी डावा रकाना सांगितला, उजवा सांगितला, जाड झालेलं शिंग सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "डॉक्टरीण खरं बोलतीय का?"

हा प्रश्न माझ्या कागदावर कुठेच नव्हता. खरं बोलतेय हे कसं ओळखायचं? पैसे तर याही घेतात. पण भुलीत ससे किती दगावतात ते मी विचारायच्या आधी त्यांनीच सांगितलं होतं. पडद्यावर बोट ठेवून दाखवलं होतं. काहीच नसेल असंही म्हणाल्या होत्या. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊन या, हे त्यांनीच कागदावर लिहून दिलं होतं, आणि मी जाऊनही आले होते. हे सगळं मी मावशीला सांगितलं. "मंग कर," ती म्हणाली. "पन तू सोता बघून घे. दुसऱ्याच्या भरवशावर राहू नगं."

एक गोष्ट मी मावशीलाही सांगितली नाही. दीड-दोन वर्षांपूर्वी पिठीला खोटे डोहाळे लागले होते. नर जवळ नसतानाही मादी सशाच्या शरीराची अशी फसगत होते आणि साधारण अडीच आठवडे टिकते. तोंडात गवताच्या काड्या आडव्या धरून, मिशा फुटल्यासारखी, ती पलंगाखाली फेऱ्या घालायची. तिथं जुन्या गोधडीच्या घडीत घरटं केलं. मग एका रात्री स्वतःच्या छातीचे केस उपटून त्यात अंथरले, पोटाची कातडी दिसेपर्यंत. सकाळी मी पलंगाखाली हात घातला तर उबदार, हलकं, ढगासारखं काहीतरी हाताला लागलं, आणि त्यात कुणीच नव्हतं. मला मूल नाही. झालं नाही असंही नाही, ठरवलं नाही आणि वेळ गेली. त्या घरट्यापाशी मी ऑफिसला उशीर होईपर्यंत बसून होते. ते मोडायला हात होईना. आठवड्यानं तिचं तिनंच विस्कटलं आणि चार्जरकडे वळली. पिशवी काढली की हे पुन्हा होणार नाही, ही चांगलीच गोष्ट आहे म्हणतात. असेलही. तो केसांचा पुंजका मी एका डबीत ठेवला आहे. का, ते विचारू नका.

बायकांच्या आणि सशांच्या पोटाचा हा संबंध तसा माझ्या मनाचाच खेळ नाही. १९३१ साली अमेरिकेत फ्रीडमन आणि लॅफम या दोघांनी दिवस राहिलेत का ते ओळखायची चाचणी काढली. बाईची लघवी मादी सशाला टोचायची, दोन दिवसांनी तिचं पोट उघडून अंडाशय बघायचं. सशाची मादी सहसा नर मिळाल्याशिवाय अंडं सोडत नाही, म्हणून ती उपयोगाची. उत्तर हो असो की नाही, पोट उघडावंच लागे. किती बायकांच्या घरात त्या उत्तरानं पेढे वाटले गेले असतील, किती जणींनी उंबऱ्यावर बसून डोळे पुसले असतील. सशिणीला कुणी विचारलं नव्हतं, हे सांगायला नकोच.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी माझ्या अंगवळणी पडलेली एक गोष्ट उलटी निघाली. मावशीला आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंब दिला नव्हता. पिठीला मात्र खाऊ घालूनच आणा, अशी सूचना. ससा ओकू शकत नाही, त्याला उपाशी ठेवलं तर नुकसानच. त्यामुळे ती वेटिंगमध्ये बसून कुरुकुरु गवत खात होती आणि उपाशी मी होते. काउंटरवरच्या मुलानं फॉर्म पुढे केला, "मालकांची सही?" मी पेन हातात घेऊन थांबले, तर तो म्हणाला, "मॅडम, इथे." केली. डॉक्टरबाईंना म्हटलं, "नंतर मला दाखवाल?" त्या म्हणाल्या, "बघवेल?" म्हटलं, बघायचंय.

पावणेदोन तास. भिंतीवर इथंही कॅलेंडर होतं. दार उघडलं तेव्हा आधी त्यांचा अंगठा दिसला, वर केलेला, मग स्टीलचा ट्रे. या वेळी मी कॅलेंडरकडे पाहिलं नाही. गुलाबी, ओलसर, दोन बारीक नळ्या, मधोमध जुळलेल्या, सुजलेल्या शेंगांसारख्या. डाव्या नळीत दोन ठिकाणी मटाराच्या दाण्याएवढा फुगवटा. कडेला पिवळसर चरबी. एवढंच. अकरा दिवसांनी अहवाल आला. कॅन्सर नाही, आतलं अस्तर जाड झालेलं. पुढे कॅन्सर झाला असता का, विचारलं तर डॉक्टरबाई म्हणाल्या, होण्याची शक्यता होती. कागद पुन्हा काढून बघितला. कुठल्या रकान्यात लिहायचं ते कळेना. घडी करून डबीत ठेवला.

पण अहवाल नंतरचा. त्या रात्री पिठी पलंगाखाली भिंतीकडे तोंड करून बसली होती, कान मागे, दात करकरत. दातांचा हलका आवाज सुखाचा असतो, हा तो नव्हता. दर तीन तासांनी सिरिंजनं पातळ लापशी भरवायची, वेदनाशामक द्यायचं आणि लेंड्यांची वाट बघायची. सशाच्या घरात लेंडी ही काय चीज आहे ते ज्यानं अशी रात्र काढली त्यालाच कळेल. दहा वाजता काही नाही. एकला काही नाही. मी बॅटरी घेऊन फरशीवर पालथी पडून होते, गाल गार पडला होता, खालून रात्रपाळीच्या वॉचमनचा रेडिओ ऐकू येत होता. पावणेचारला बारीक टपटप झाली. सात. लहान, वेड्यावाकड्या, पण सात. मी त्या मोजून हातात घेतल्या आणि तशीच बसून राहिले. मग ती वळली, माझ्या मनगटावर हनुवटी घासली आणि पाण्याच्या वाडग्याकडे गेली.

सकाळी सातला मावशीचाच फोन आला. "काढली?" म्हटलं, काढली. "खाती का?" म्हटलं, आत्ताच कोथिंबीर ओढून घेतली हातातून. मागे शेळ्या ओरडत होत्या, कुणीतरी बादली आपटली. मग आवाज जरा खाली आणून तिनं विचारलं, "तुला दाखवली का?"

"हो. मागून घेतली."

"कशी असती गं?"

मी पिठीची सांगायला सुरुवात केली, दोन नळ्या, शेंगांसारख्या. मधेच थांबले. "हिची बारीक असते मावशी," म्हटलं. "आपली वेगळी. आपली मुठीएवढी. पेरूसारखी, खाली निमुळती."

"मुठीएवढी," ती म्हणाली.

शेळ्या ओरडत राहिल्या. तिनं फोन ठेवला नव्हता, मीही ठेवला नाही.